शिळा पाव आणि मंद आच

प्रस्तावना

शिळ्या पावाचं काय करायचं, या प्रश्नाला आपल्या घरांत बरीच उत्तरं आहेत. कुस्करून फोडणीला घालायचा, तूप सोडून तव्यावर खरपूस करायचा, वाळवून कटलेटसाठी चुरा करून ठेवायचा. ही सगळी उत्तरं पाव संपवण्याची आहेत. ब्रेड पुडिंगलाही याच यादीत बसवलं जातं, आणि तिथेच त्याच्यावर अन्याय होतो. कारण हा पदार्थ शिळा पाव मागून घेतो. सकाळी भट्टीतून आलेली मऊ लादी दुधात घातली की तिचा लगदा होतो, वड्या पडत नाहीत, चमच्याला पिठूळ चिकटपणा लागतो. दोन दिवसांच्या पावावर तेवढंच दूध ओतलं तर तुकडे टम्म फुगतात आणि तरीही आपला आकार धरून राहतात. भाजल्यावर चाकू फिरवला की प्रत्येक थर वेगळा दिसतो आणि तोंडात मात्र सगळं एकजीव होतं.

या पुस्तिकेत हा एकच पदार्थ आहे: घरी उरलेला पाव, दूध, अंडी, साखर आणि थोडं लोणी यांचं, खऱ्या कस्टर्डात धरलेलं पुडिंग. एवढ्या साध्या पदार्थासाठी एवढी पानं का, असं कुणालाही वाटेल. माझं म्हणणं असं की साध्या पदार्थात लपायला जागा नसते. मसाला नाही, तळण नाही, वर पसरायला साय नाही. पाव कोणत्या अवस्थेत आहे आणि आच किती आहे, या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं. त्या दोन गोष्टी नीट समजल्या की कृती पाठ करावी लागत नाही, म्हणून ही प्रस्तावना मुख्यतः त्या दोन गोष्टींबद्दल आहे.

आधी शिळेपणाबद्दल. पाव शिळा होतो म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं, अशी आपली सर्वसाधारण समजूत. फ्रेंच शास्त्रज्ञ झाँ-बातिस्त बुसँगो यांनी 1852 मध्ये ती प्रयोगाने तपासली. पाणी उडू नये म्हणून बंद करून ठेवलेला पावही शिळा होतो, आणि तोच पाव साधारण 60 अंश सेल्सिअसपर्यंत पुन्हा तापवला की मऊ पडतो, असं त्यांना आढळलं. म्हणजे वाळणं वेगळं आणि शिळं होणं वेगळं. पुढे 1920 च्या दशकात क्ष-किरणांनी पावाच्या आत डोकावता आलं आणि कारण स्पष्ट झालं. भट्टीत पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि त्याची मूळची घट्ट रचना विस्कटते. पाव निवायला लागला की ते विस्कटलेले रेणू पुन्हा एकमेकांजवळ सरकतात, रांगा धरतात, स्फटिक बनतात. त्यातले काही पहिल्या काही तासांतच स्थिरावतात. गरम पाव कापताना चुरगळतो आणि निवलेला सुबक कापला जातो, तो त्यामुळेच. उरलेले रेणू दिवसागणिक हळूहळू घट्ट होत जातात, आणि त्यालाच आपण शिळं होणं म्हणतो.

हे शास्त्र मराठी घरांना हातानं माहीत आहे. फोडणीचा भात करायला ताजा भात घेतला तर तो परततानाच गिचका होतो, आणि रात्रीचा भात सकाळी मोकळा, दाणेदार होतो. तिथेही हाच स्टार्च, हीच क्रिया. फोडणीची पोळी कालच्याच पोळीची करायची असते, ताज्या पोळीचा कुस्करा चिकट होतो. शिळ्या भाकरीचा ताकातला काला ताज्या भाकरीला साधत नाही. श्रावणातल्या शीतला सप्तमीला अनेक घरांत चूल न पेटवता आदल्या दिवशीचं अन्न खातात. शिळं अन्न म्हणजे टाकाऊ अन्न, असं आपल्या स्वयंपाकानं कधीच मानलेलं नाही. शिळेपणाचे गुण आपल्या आज्या ओळखून होत्या. पाव आपल्या स्वयंपाकघरात उशिरा आला, एवढाच फरक. भाताला आणि पोळीला लावलेली नजर त्याला लावायची राहून गेली आहे.

आता त्या 60 अंशांकडे पुन्हा येऊ, कारण या पदार्थाची गंमत तिथे आहे. पावाचा शिळेपणा साधारण 60 अंशांच्या आसपास सुटतो. दुधात फेटलेलं अंडं धरायला लागतं ते त्याच्या बरंच पुढे, 80 अंशांच्या आगेमागे. म्हणजे पुडिंग तापत असताना आधी पावाच्या आतली घट्ट गाठ सैल होते आणि मग त्याच्या भोवतीचं दूध-अंडं स्थिर होतं. भिजताना पावाला घट्टपणा हवा असतो, नाहीतर तो विरघळेल. शिजताना त्याला मऊपणा हवा असतो, नाहीतर तो घशात टोचेल. शिळा पाव या दोन्ही गोष्टी योग्य क्रमाने देतो. भिजेपर्यंत तग धरतो, आच लागली की पुन्हा ताजा होतो. दुसरा कुठलाही उरलेला पदार्थ इतक्या नेमकेपणाने परत येताना मी पाहिलेला नाही.

शिळा आणि खराब या दोन शब्दांतलं अंतर मात्र काटेकोरपणे पाळायला हवं, विशेषतः आपल्या हवेत. कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात पाव शिळा होण्याआधीच त्याला बुरशी धरते. हिरवा-पांढरा ठिपका दिसला की तेवढाच भाग कापून बाकीचा वापरण्याची सवय सोडून द्यावी. मऊ पावात बुरशीचे धागे ठिपक्याच्या पलीकडे पसरलेले असतात आणि ते डोळ्यांना दिसत नाहीत. दमट उन्हाळ्यात आणखी एक बिघाड होतो. पाव वरून चांगला दिसतो, पण आतून चिकट होतो, तोडला की तंतू निघतात आणि अति पिकलेल्या फळासारखा वास येतो. हा जीवाणूंचा उद्योग असतो, आणि त्यांचे बीजाणू भट्टीच्या उष्णतेतूनही तगून राहतात. असा पाव तर पूर्णच टाकावा. पुडिंगला हवा तो पाव कोरडा, घट्ट आणि गव्हाचा स्वच्छ वास असलेला. पावसाळ्यात दोन दिवस वाट पाहण्यापेक्षा त्याचे तुकडे करून मंद ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर रंग न आणता सुकवून घ्यावेत. वर सांगितल्याप्रमाणे हे शिळं करणं नव्हे, वाळवणं आहे. पण रिकाम्या झालेल्या जागेत दूध शिरतं आणि काम भागतं. फ्रिजमध्ये पाव लवकर शिळा होतो, कारण गोठणबिंदूच्या थोडं वरचं तापमान स्टार्चच्या रांगा लावायला सर्वांत सोयीचं असतं. एरवी ही तक्रार असते, इथे ती सोय आहे. फ्रीजरमध्ये मात्र ही क्रिया जवळजवळ थांबते. म्हणून उरलेले स्लाइस थोडेथोडे फ्रीजरमध्ये साठवून पुरेसे झाले की पुडिंगला घेता येतात.

दुसरी गोष्ट आच. कस्टर्ड म्हणजे अंड्यातल्या प्रथिनांनी धरून ठेवलेलं दूध. साधं दूध नुसतं तापवून त्याची वडी पडत नाही. आटेल, साय धरेल, बासुंदी होईल, पण कापता येणार नाही. नुकत्याच व्यालेल्या गाई-म्हशीच्या चिकाचा मात्र वाफेवर खरवस होतो, कारण चिकात प्रथिनं कितीतरी जास्त असतात आणि उष्णतेनं ती एकमेकांत गुंततात. खरवस ज्याने खाल्ला आहे त्याला कस्टर्ड समजावून सांगावं लागत नाही. चिकाजवळ जे स्वतःचं असतं ते आपण साध्या दुधाला अंड्याकडून उसनं मिळवून देतो.

अंड्याचं पांढरं एकटं 62-63 अंशांना घट्ट व्हायला लागतं, बलक त्याच्या थोडं वर. दुधानं ती प्रथिनं विरळ होतात, साखरेमुळे त्यांना उलगडायला वेळ लागतो, म्हणून कस्टर्ड धरण्याचं तापमान वर सरकतं. धरणं आणि फाटणं यांत अंतर थोडंच असतं. 85 अंश ओलांडले की प्रथिनांची जाळी आवळत जाते, पाणी बाहेर पिळलं जातं आणि मऊ वडीच्या जागी भोकं पडलेला रबरी थर आणि खाली पाणी अशी अवस्था येते. पुडिंग बिघडलं असं लोक सांगतात तेव्हा बहुतेक वेळा पदार्थ कमी पडलेला नसतो, आच जास्त झालेली असते.

म्हणून पुडिंगचं भांडं पाण्यात ठेवून शिजवतात. पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, आणि उघड्या ताटातलं पाणी ओव्हनमध्ये सतत वाफ सोडत असल्यानं त्याहूनही बरंच खाली राहतं. ओव्हन 160 अंशांवर असला तरी भांड्याच्या कडांना तो चटका पोचत नाही. ज्यांच्याकडे ओव्हन नाही त्यांनी हळहळू नये. ढोकळा, इडली, मोदक, अळूवड्या वाफवणाऱ्या स्वयंपाकघराला मंद ओल्या उष्णतेचं शिक्षण वेगळं द्यावं लागत नाही. शिटी काढलेला कुकर या पदार्थासाठी उत्तम साधन आहे. फक्त पाणी खळखळू द्यायचं नाही आणि झाकणावरची वाफ थेंब होऊन पुडिंगवर पडणार नाही, अशी तजवीज करायची. वरचा कुरकुरीत तांबूस पापुद्रा फक्त ओव्हन देतो. वाफेचं पुडिंग सर्वांगी मऊ राहतं आणि तळाला कॅरॅमल घातलं तर ते उलटं काढायला सर्वांत देखणं. दोन्ही प्रकार या पुस्तिकेत आहेत.

इथे कस्टर्ड पावडरीबद्दल बोलायला हवं, कारण महाराष्ट्रात कस्टर्ड म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे ती पिवळी पूड आणि फळं घातलेला वाडगा येतो. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ ॲल्फ्रेड बर्ड यांनी 1837 मध्ये ती तयार केली. त्यांच्या पत्नीला अंडी सोसत नव्हती, आणि अंड्याविना कस्टर्डची चव मिळावी म्हणून त्यांनी कॉर्नफ्लॉरचा आधार घेतला. प्रेमातून जन्मलेला हा शोध अंडं न खाणाऱ्या घरांना आजही उपयोगी पडतो. पण दोन्हींच्या वागण्यात मूलभूत फरक आहे. पावडरीतला स्टार्च घट्ट व्हायला दूध उकळावंच लागतं, आणि अंड्याचं कस्टर्ड उकळलं की संपलं. एकाची सवय दुसऱ्याला लावली की फसगत होते. अंड्याविना करायच्या पुडिंगसाठी म्हणून स्वतंत्र प्रकरण ठेवलं आहे. त्यात अंड्याच्या जागी पावडर घालायचा सोपा मार्ग न घेता पावाचं आणि दुधाचं प्रमाणच नव्यानं बसवलं आहे.

हा पदार्थ गरिबीतून आला, असं नेहमी लिहिलं जातं. ते अर्धंच खरं आहे. पाव दुधात भिजवून तळायचा आणि वर मध ओतायचा, ही कृती आपिकिउसच्या नावावर असलेल्या प्राचीन रोमन पाककृतींच्या संग्रहात आहे, म्हणजे कल्पना फार जुनी. पण बटर लावलेल्या पावाचे थर आणि त्यावर कस्टर्ड या रूपातली एक सुरुवातीची छापील कृती सापडते ती एलिझा स्मिथ यांच्या ‘द कम्प्लीट हाउसवाइफ’ या, 1720 च्या दशकाच्या अखेरीस लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या पुस्तकात, आणि ती वाचून गरिबीची कल्पना बाजूला ठेवावी लागते. तळाशी पापुद्र्यांची पेस्ट्री, पावाच्या पातळ कापांना लावायला एक पौंड लोणी, थराथरांत मनुका, आणि वर सायीचं दूध, दहा अंड्यांचे बलक, किसलेलं जायफळ आणि संत्र्याच्या फुलांचं पाणी. हे मोठ्या घरचं पक्वान्न होतं. पुढे तेच पुडिंग शाळांच्या, इस्पितळांच्या आणि कामगारांच्या ताटात पोचलं, तेव्हा लोणी आणि बलक घटत गेले आणि पाव वाढत गेला. एकच पदार्थ दोन्ही टोकांना टिकला याचं कारण त्याचा सांगाडा पक्का आहे. मेक्सिकोत उपवासाच्या दिवसांत पाव, कच्ची साखर, दालचिनी आणि चीज यांची कापिरोतादा होते. इजिप्तमध्ये दूध आणि सुका मेवा घालून उम्म अली. हैदराबादेत तुपात तळलेल्या पावाचा डबल का मीठा, जो मराठवाड्यातल्या लग्नघरांतही पोचला. तिथे अंडं नाही, साखरेचा पाक आणि केशरी दूध आहे. या सगळ्यांत दूध, पाक आणि धरण्याची पद्धत बदलते. पावाचा आधार बदलत नाही.

आपल्या किनाऱ्यावर पाव आला पोर्तुगिजांबरोबर. गोव्यात पहाटे पोदेराच्या सायकलचा भोंगा अजून वाजतो, आणि कधीकाळी तिथलं पीठ फुगवायला माडाची सूर घालत. गोव्यातल्या आणि वसई-मुंबईच्या ख्रिस्ती घरांत कॅरॅमल घातलेलं पावाचं पुडिंग घरचंच आहे. मुंबईत इराणी हॉटेलांनी ब्रुन मस्का आणि कॅरॅमल कस्टर्ड रोजच्या खाण्यात आणलं, आणि पारशी लग्नात वेलची-जायफळाच्या वासाचं ‘लगन नु कस्टर्ड’ असतंच. मराठी घरांत हे पुडिंग बहुधा शेजारातून आलं, मैत्रिणीच्या डब्यातून, कॉलनीतल्या नाताळाच्या ताटातून. म्हणून त्याला परकं मानण्याचं कारण नाही. पाव आपल्या रोजच्या मिसळीत आहे, वड्यात आहे; त्याचं गोडही आपलंच आहे.

पाव कोणता घ्यायचा? साधा, कमी तुपाचा पाव लवकर शिळा होतो आणि दूध चांगलं पितो. लादी पाव त्यामुळे उत्तम. ब्रुनचा कडक पापुद्रा चवीला सुरेख, पण त्याला भिजायला जास्त वेळ द्यावा लागतो. कारखान्यातल्या स्लाइस ब्रेडमध्ये मऊपणा टिकवणारे घटक असतात, म्हणून तो उघडा ठेवून किंवा सुकवून घ्यावा. गोड बन चालतो, साखर तेवढी कमी करावी. लसूण किंवा मसाला लावलेला पाव इथे नको.

पायाचं प्रमाण इथेच सांगते, कारण पुढची प्रत्येक कृती यातूनच निघते. सहा स्लाइस किंवा पाच लादी पाव, म्हणजे साधारण 150 ते 180 ग्रॅम. अर्धा लिटर दूध, तीन अंडी, 80 ग्रॅम साखर, 40 ग्रॅम लोणी, मूठभर बेदाणे, चिमूटभर मीठ आणि जायफळ. पावाला लोणी लावून थर रचायचे, मधे बेदाणे पेरायचे. वरच्या थरावर बेदाणे ठेवू नयेत, ते करपतात आणि कडू होतात. सांगली-तासगावचा टपोरा बेदाणा यासाठी मुद्दाम घ्यावा. दूध साखर विरघळेल इतपत कोमट करायचं, फेटलेल्या अंड्यांत धारेनं घालायचं आणि गाळून पावावर ओतायचं. मग अर्धा तास थांबायचं. हा अर्धा तास कोणालाही गाळावासा वाटतो आणि तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दूध पावाच्या मध्यापर्यंत पोचलं नाही तर पुडिंगमध्ये ओल्या कस्टर्डात कोरडी गाठ सापडते. नंतर पाण्याच्या ताटात ठेवून 160 अंशांवर 40 ते 45 मिनिटं, किंवा झाकण लावून कुकरमध्ये मंद आचेवर साधारण 35 मिनिटं. कडा धरलेल्या आणि मधला भाग किंचित डुलणारा, या अवस्थेत आच बंद करायची. राहिलेलं काम आतली उष्णता पुरं करते. म्हशीचं दूध असेल तर पुडिंग दाट होतं, गाईच्या दुधाचं हलकं. दोन्ही चांगली, फक्त म्हशीच्या दुधाबरोबर लोणी निम्मं पुरतं.

जायफळाबद्दल दोन शब्द. एलिझा स्मिथ यांच्या कृतीत ते आहे आणि आपल्या पुरणात, श्रीखंडात, बासुंदीतही ते आहे. दूध आणि साखर यांच्याशी त्याचं जमतं हे दोन्हीकडच्या स्वयंपाकाला स्वतंत्रपणे कळलेलं दिसतं. व्हॅनिला नसेल तर या पुडिंगला काही कमी पडत नाही. वेलची घातली तर जायफळ कमी करावं, कारण दोघं मिळून कस्टर्डचा दुधाळ वास झाकून टाकतात.

पुढच्या पानांत पाच प्रकरणं आहेत. पहिल्यात हे पायाचं पुडिंग, प्रत्येक टप्प्याच्या खुणांसह: पाव भिजला हे कसं ओळखावं, कस्टर्ड धरलं हे कसं ओळखावं. दुसऱ्यात कुकरमधलं कॅरॅमल पुडिंग. तिसऱ्यात अंड्याविना केलेलं. चौथ्यात ऋतूंप्रमाणे फेरफार: आंब्याच्या दिवसांत फोडी कोरड्या करून, हिवाळ्यात गूळ आणि सुंठ घालून, नाताळात खजूर आणि संत्र्याच्या सालीसह. गूळ घालताना दूध फाटू नये म्हणून तो दुधात न घालता पावाच्या थरांत किसून पेरायचा, असे बारकावे तिथे सविस्तर दिले आहेत. पाचवं प्रकरण बिघाडांचं आहे: पाणी सुटणं, भोकं पडणं, तळ कच्चा राहणं, आणि प्रत्येकाचं कारण.

वाचकांना एक विनंती आहे. पहिल्यांदा काहीही न बदलता पायाचं पुडिंग करा, आणि ते जमल्यावर दर वेळी एकच गोष्ट बदला. पाव बदला, मग दूध बदला, मग गोडवा. असं केलं की कोणत्या बदलाचा काय परिणाम झाला ते तुमचं तुम्हाला कळेल, आणि लवकरच घरातल्या उरलेल्या पावाकडे पाहून दूध किती लागेल हे हाताला सांगता येईल. तो अंदाज एकदा बसला की या पुस्तिकेची गरज उरणार नाही, आणि तो बसावा यासाठीच ती लिहिली आहे.